प्रकल्प नोंदी: हिंगणा एमआयडीसीतल्या छपाई युनिटमध्ये सबनेट आणि राउटिंग

जागा नागपूर, हिंगणा एमआयडीसी. मिठाईचे खोके आणि लेबलं छापणारं ऑफसेट युनिट, दोन शेड, मध्ये १३० मीटर अंतर. एका सपाट नेटवर्कचे तुकडे (सबनेट) पाडायचे आणि त्या तुकड्यांमध्ये गरजेपुरतीच वाहतूक चालू ठेवायची (राउटिंग), एवढं काम. पुढे देखभाल करणाऱ्याच्या हाती या नोंदी जाणार, म्हणून काय केलं याच्यासोबत का केलं तेही लिहिलं आहे.

३ एप्रिल: पाहणी

सगळं काही १९२.१६८.१.०/२४ या एकाच सबनेटवर (/२४ म्हणजे पत्त्याचे पहिले तीन आकडे सबनेटचे, शेवटचा उपकरणाचा). पत्ते वाटतो तो इंटरनेट कंपनीचा फायबर बॉक्स. तिथून निघालेल्या वायरी साध्या, सेटिंग नसलेल्या स्विचवरून पुढे फिरतात. मोजदाद केली तर ८४ उपकरणं निघाली: १६ कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर, डिझाइनचे संगणक, प्लेट काढणाऱ्या मशीनचा कंट्रोलर, दुसऱ्या शेडमधल्या डाय कटिंग मशीनचा कंट्रोलर, हिशेबाचे संगणक, प्रिंटर, डिझाइनच्या फायलींचा एनएएस (नेटवर्कवरचा फायलींचा साठा). उरलेले सगळे मोबाईल.

रोजची तक्रार अशी की सकाळी हिशेबाच्या संगणकाला पत्ता मिळत नाही. बॉक्समध्ये वाटपाची यादी १०० ते १५० एवढीच आहे आणि माल न्यायला आलेल्या गाड्यांच्या ड्रायव्हरांचे मोबाईल ती भरून टाकतात. यादी वाढवली की ही तक्रार मिटेल. पण वायफायचा पासवर्ड ज्याला ठाऊक त्याला प्लेट मशीनपर्यंत वाट मोकळी, हे तसंच राहील. म्हणून विभागणी.

५ एप्रिल: पत्त्यांचा आराखडा

१०.४४.०.०/१६ हा पट्टा घेतला. १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० मुद्दाम टाळलं, कारण घरोघरचे राउटर तेच वापरतात. उद्या मालक घरून व्हीपीएन लावून बसले आणि दोन्हीकडे एकच सबनेट निघालं, तर लॅपटॉप एनएएसचा पत्ता घरातल्याच वायरीवर शोधत राहील. खासगी वापराचे तीन पट्टे १९९६ पासून ठरलेले आहेत: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. पहिला सर्वांत ऐसपैस, म्हणून त्यातला एक कोपरा.

पत्त्यातला तिसरा आकडा म्हणजेच व्हीलॅनचा (त्याच स्विचवर वेगळ्या पाडलेल्या आभासी नेटवर्कचा) क्रमांक, म्हणजे पत्ता पाहिला की जागा कळते. १० ऑफिस आणि हिशेब, २० डिझाइन आणि प्लेट, ३० कॅमेरे, ४० पाहुणे, ९९ स्विच आणि वायफायच्या डब्यांचं व्यवस्थापन. दुसऱ्या शेडला क्रमांक ३३ मशीन आणि गोदामासाठी, ३४ कॅमेऱ्यांसाठी. प्रत्येक सबनेट /२४, गेटवे (सबनेटबाहेर नेणारा राउटरचा पत्ता) सगळीकडे .१. दोन शेडना जोडणाऱ्या दुव्याला १०.४४.२५४.०/३०, त्यात वापरण्याजोगे पत्ते दोनच, आणि लागतातही दोनच.

दुसऱ्या शेडचे क्रमांक ३२ च्या पुढे घेण्यामागे हिशेब आहे. ३२ ते ४७ हे सगळे क्रमांक १०.४४.३२.०/२० या एका ओळीत बसतात. पहिल्या राउटरवर ‘यातलं काहीही असेल तर पलीकडे पाठव’ अशी एकच ओळ पुरते. (त्याच पट्ट्यात पाहुण्यांचा ४० पडतो, जो पहिल्या शेडमध्ये आहे. अडचण नाही: राउटर नेहमी सर्वांत नेमकी, म्हणजे सर्वांत लांब जुळणारी ओळ निवडतो, आणि /२४ ही /२० पेक्षा नेमकी. तरी नवा क्रमांक देताना हे ध्यानात असू द्यावं.)

जड देवाणघेवाण करणारे एकाच सबनेटात ठेवले. रेकॉर्डर कॅमेऱ्यांसोबत, एनएएस डिझाइनसोबत. १६ कॅमेरे प्रत्येकी ४ एमबीपीएस म्हणजे ६४ एमबीपीएस चोवीस तास. रेकॉर्डरच्याच सबनेटातल्या कॅमेऱ्यांची वाहतूक स्विचमध्येच राहते, राउटरपर्यंत येतच नाही. राउटर कितीही जोमदार घ्या, जी वाहतूक त्याच्याकडे येत नाही तीच सर्वांत स्वस्त.

८ एप्रिल: सामान

दोन मिनी पीसी, एन१०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, इंटेलचे चार नेटवर्क पोर्ट, पंखा नसलेले. दोन्ही अगदी सारखे, म्हणजे एक गेला तर दुसऱ्याची सेटिंग घालून काम चालेल. व्हीलॅन समजणारा २४ पोर्टचा एक स्विच आणि ८ पोर्टचे तीन. त्यातले २४ पोर्टचा आणि दुसऱ्या शेडचा असे दोन फायबर मॉड्यूलची खाच असलेले. सिंगल मोड फायबर १५० मीटर, चिलखती. पॅच कॉर्ड आणि कॅट ६ चं बंडल सीताबर्डीच्या बाजारातून. बंडल घेताना तांबं शुद्ध आहे ना ते पाहिलं. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण पीओईवर (नेटवर्क केबलमधूनच मिळणाऱ्या विजेवर) चालणाऱ्या कॅमेऱ्यांना लांब ओढीत व्होल्टेज कमी पोचतो आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा रीस्टार्ट होतो.

१२ एप्रिल: पहिला राउटर टेबलावर

डेबियन १२ लिनक्स. पोर्ट १ इंटरनेटच्या बॉक्सकडे, १९२.१६८.१.२ असा पक्का पत्ता. पोर्ट २ स्विचकडे ट्रंक (एकाच वायरीवर अनेक व्हीलॅन), त्यावर १०, २०, ३०, ४०, ९९, २५४ असे टॅग (पॅकेटवरची व्हीलॅनची खूण). सगळं सिस्टिमडी-नेटवर्कडीच्या फायलींत लिहिलं. आयपी कमांडने हातानं उभे केलेले व्हीलॅन तपासणीला ठीक, पण वीज गेली की तेही जातात.

लिनक्स मुळात राउटर नसतो. एका इंटरफेसवर आलेलं, स्वतःसाठी नसलेलं पॅकेट तो टाकून देतो, आणि कुठे नोंदही ठेवत नाही. कर्नलमधली आयपी फॉरवर्डिंगची किल्ली ० असते ती १ करावी लागते, आणि ती सिसकंट्रोलच्या फाईलमध्ये लिहावी लागते, नाहीतर रीबूटनंतर पुन्हा ०. लक्षण ओळखायला सोपं: प्रत्येक संगणकाला स्वतःचा गेटवे पिंग होतो (‘आहेस का?’ ला उत्तर देतो), राउटरचे बाकीचे .१ पत्तेही पिंग होतात, पण पलीकडचं एकही उपकरण होत नाही. राउटरचे सगळे पत्ते राउटरचेच असल्याने फॉरवर्डिंग बंद असतानाही तो उत्तर देतो. म्हणून ‘दुसऱ्या सबनेटचा गेटवे पिंग झाला’ याला राउटिंग चालू असल्याचा पुरावा मानायचं नाही.

डीएचसीपीसाठी (पत्ते आपोआप वाटण्यासाठी) डीएनएसमास्क हा प्रोग्रॅम, प्रत्येक व्हीलॅनला वेगळी यादी. पत्ता मागणारी हाक ही ब्रॉडकास्ट (सबनेटातल्या सगळ्यांना एकदम) असते आणि राउटर ब्रॉडकास्ट ओलांडू देत नाही. इथे राउटरचा पाय प्रत्येक सबनेटात असल्यामुळे ही हाक पुढे पोचवणाऱ्या रिलेची गरज पडत नाही. पाहुण्यांच्या पत्त्याची मुदत २ तास, बाकीच्यांची २४ तास. आतल्या नावांना होम.आर्पा हा शेवट. तो घरगुती नेटवर्कसाठी राखीव असल्याने बाहेरच्या कुठल्या नावाशी टक्कर होत नाही. .लोकल वापरलं नाही, कारण ते मल्टिकास्ट डीएनएससाठी राखीव आहे आणि मॅकवर त्यातून नाव सापडायला उगाच वेळ जातो.

१५ एप्रिल: स्विच

जुना व्हीलॅन १ आणि नवे व्हीलॅन काही दिवस शेजारी शेजारी चालणार. २४ पोर्टच्या स्विचवर २३ आणि २४ हे पोर्ट व्हीलॅन १ मध्ये बिनटॅगचे ठेवले. शेवटपर्यंत हलवायचे नाहीत. ट्रंकच्या सेटिंगमध्ये काही बिनसलं तर लॅपटॉप लावून आत शिरायची तीच एक वाट.

प्लेट रूममधल्या ८ पोर्टच्या स्विचवर पोर्ट ३ ला व्हीलॅन २० दिला, तरी तिथल्या संगणकाला १९२.१६८.१ चाच पत्ता मिळत राहिला. या वर्गातल्या स्विचमध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या पानांवर असतात. पोर्ट कोणत्या व्हीलॅनचा सदस्य आहे, यावरून त्यातून *बाहेर* काय पडेल ते ठरतं. पोर्टचा पीव्हीआयडी किती, यावरून संगणकाकडून *आत* येणारं बिनटॅगचं पॅकेट कोणत्या व्हीलॅनमध्ये जाईल ते ठरतं. सदस्यत्व २० चं केलं पण पीव्हीआयडी १ च राहिला, तर संगणकाची हाक व्हीलॅन १ मध्ये जाते. पोर्टचं १ चं जुनं सदस्यत्व काढलेलं नसेल तर उत्तरही तिथूनच येतं आणि जुना पत्ता मिळतो. काढलेलं असेल तर उत्तर पोचतच नाही आणि विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता लावून घेतं. दोन्ही लक्षणांचं मूळ एकच. प्रत्येक पोर्टला तीन कामं: नवं सदस्यत्व, पीव्हीआयडी, आणि १ मधून सुटका. ही तिन्ही झाल्याशिवाय पोर्टवर लेबल चिकटवायचं नाही असं ठरवलं.

१८ एप्रिल: इंटरनेट

राउटरवरून ८.८.८.८ पिंग होतं. ऑफिसच्या संगणकावरून नाही. पोर्ट १ वर टीसीपीडंप (जाणारी-येणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्रॅम) लावला: १०.४४.१०.४५ कडून निघालेली पॅकेटं बाहेर पडताना दिसतात, परत एकही येत नाही.

बॉक्सला फक्त १९२.१६८.१ माहीत आहे. १०.४४.१० कुठे आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नाही, त्यामुळे उत्तर आलंच तरी ते आमच्याकडे कसं वळवायचं हे त्याला कळणार नाही. राउटरच्या स्वतःच्या पिंगचा पत्ता १९२.१६८.१.२, तो त्याच्या ओळखीचा. म्हणून ते चालतं. दोन उपाय. बॉक्सवर ‘१०.४४.०.०/१६ साठी १९२.१६८.१.२ कडे जा’ अशी ओळ घालणं हा नीटस. या बॉक्समध्ये ती सोय ग्राहकाला उघडी नाही. म्हणून दुसरा: पोर्ट १ मधून बाहेर पडणाऱ्या सगळ्याचा मूळ (पाठवणाऱ्याचा) पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करायचा, म्हणजे मास्करेड. पत्त्याचं भाषांतर दोनदा होतं, एकदा आपल्याकडे आणि एकदा बॉक्समध्ये. वेब, मेल, बँकेचं काम यात त्याने फरक पडत नाही.

मास्करेडचा नियम फक्त पोर्ट १ साठी. तो सगळ्या इंटरफेसना लावून मोकळं होण्याचा मोह होतो, कारण त्याने परतीच्या वाटेचे सगळे घोळ दिसेनासे होतात. पण मग एनएएसच्या नोंदीत प्रत्येक माणूस १०.४४.२०.१ असा दिसतो आणि कोणी फाईल खोडली ते कधीच कळत नाही.

आणखी एक ओळ याच दिवशी घातली: १०.४४.०.०/१६ अनरीचेबल. वापरात नसलेल्या सबनेटकडे निघालेलं पॅकेट डिफॉल्ट राउटने (दुसरी कुठली ओळ जुळली नाही तर वापरायच्या वाटेने) इंटरनेटकडे जाऊ नये, इथेच ‘असा पत्ता नाही’ असं उत्तर मिळावं. खऱ्या सबनेटच्या ओळी हिच्यापेक्षा नेमक्या असल्याने त्यांना ही आड येत नाही.

बॉक्सवर पीपीपीओई (इंटरनेट कंपनीशी जोडणीची पद्धत) असल्याने बाहेरचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) १४९२ बाइट. टीसीपीचा एमएसएस (पॅकेटमधल्या मजकुराची कमाल लांबी) १४५२ वर बांधला.

२२ एप्रिल: प्लेट मशीन ऑफिसला दिसत नाही

लक्षणं चमत्कारिक होती. प्लेट मशीनच्या कंट्रोलरवरून इंटरनेट चालतं. डिझाइनचे संगणक त्याला जॉब पाठवू शकतात. ऑफिसमधून मात्र त्याला पिंगसुद्धा होत नाही. बाहेरच्या जगापर्यंत पोचणारं यंत्र शेजारच्या खोलीपर्यंत पोचत नाही.

राउटरच्या व्हीलॅन २० वर टीसीपीडंप. ऑफिसच्या १०.४४.१०.४५ चं पिंग राउटरमधून मशीनकडे गेलेलं दिसलं, आणि त्यामागोमाग मशीनकडून ही ओळ, सेकंदाला एक: ‘१०.४४.१०.४५ कोणाकडे आहे? १०.४४.२०.३० ला कळवा.’ हे एआरपी आहे, म्हणजे एकाच वायरीवरचं उपकरण शोधायची हाक. म्हणजे मशीनला पिंग मिळालं, उत्तर द्यायची तयारीही आहे, पण ऑफिसचा पत्ता आपल्याच वायरीवर आहे असं समजून ते व्हीलॅन २० मध्ये हाका मारतंय. गेटवेकडे द्यायला पाहिजे हे त्याला वाटतच नाही.

सबनेट मास्क (पत्त्याचा कितवा भाग आपल्या सबनेटचा हे सांगणारा आकडा) पाहिला: २५५.०.०.०. कंट्रोलरवर जुनं विंडोज. तिथे पत्त्याच्या रकान्यात १० ने सुरू होणारा आकडा लिहून टॅब दाबला की मास्क आपोआप २५५.०.०.० भरला जातो. पत्त्यांच्या अ, ब, क वर्गांच्या काळातली ती सवय आहे. त्या मास्कनुसार १० ने सुरू होणारं सगळं जग ‘आपल्याच घरात’. ८.८.८.८ घराबाहेरचं, म्हणून तिथे जाताना गेटवे वापरला जातो आणि इंटरनेट बिनबोभाट चालतं. मास्क २५५.२५५.२५५.० केला, ऑफिसमधून पहिलंच पिंग आलं.

राउटरवर प्रॉक्सी एआरपी चालू केलं असतं तरी हे चाललं असतं: राउटर त्या हाकेला ‘मीच तो’ म्हणून उत्तर देतो. केलं नाही. त्याने चूक तिथेच राहते आणि पुढे एखाद्या दिवशी भलत्याच ठिकाणी वर येते. पत्ता हातानं भरलेली सगळी उपकरणं धुंडाळून मास्क तपासला. दोन प्रिंटरवरही तीच गत होती.

२५ एप्रिल: पिंग

ऑफिसमधून डिझाइनच्या विंडोज संगणकांना पिंग होत नाही, प्रिंटरना होतं. राउटिंग ठीक आहे. विंडोजच्या फायरवॉलमधला पिंगला उत्तर देण्याचा नियम खासगी प्रोफाइलमध्ये ‘लोकल सबनेट’ पुरताच असतो. आधी सगळे एका सबनेटात होते म्हणून चालत होतं. त्या नियमाच्या व्याप्तीत १०.४४.०.०/१६ घातलं. फाईल शेअरिंगच्या नियमालाही तेच.

प्रिंटर आपोआप सापडणंही बंद झालं, कारण ती शोधाशोध मल्टिकास्टने (ऐकणाऱ्या सगळ्यांना एकदम पाठवलेल्या पॅकेटने) होते आणि ते सबनेटच्या बाहेर पडत नाही. प्रिंटर आयपी पत्त्याने, पोर्ट ९१०० वर जोडून दिले. मल्टिकास्ट पुढे पोचवणारा रिफ्लेक्टर लावता येतो, पण तीन प्रिंटरसाठी एक जास्तीची सेवा सांभाळण्यात अर्थ वाटला नाही.

२ मे: दुसरी शेड

जुनी तांब्याची केबल काढून टाकली. १३० मीटर म्हणजे १०० मीटरच्या मर्यादेपलीकडे, आणि जून लागताना विजांचा कडकडाट सुरू झाला की दोन इमारतींच्या अर्थिंगमधला फरक त्या केबलवरून थेट स्विचमध्ये उतरतो. फायबरमध्ये धातूची तार नाही. फक्त चिलखताचं पातं दोन्ही टोकांना कापून कॅबिनेटपासून दूर ठेवायचं.

फायबरच्या एकाच काडीवर (धाग्यावर) दोन्ही दिशा चालवणारी मॉड्यूल घेतली आहेत. ती जोडीनेच लागतात: एक १३१० नॅनोमीटरवर पाठवून १५५० वर ऐकणारं, दुसरं बरोबर उलट. दोन्हीकडे एकाच जातीचं मॉड्यूल बसलं तर काडी धडधाकट असूनही लिंकचा दिवा लागत नाही. पहिल्यांदा मिळालेली ताकद उणे १५ डीबीएम दाखवत होती, एवढ्या जवळच्या अंतराला फारच कमी. कनेक्टरचं टोक कोरड्या क्लीनरने पुसल्यावर उणे ७. छपाईच्या शेडमध्ये अँटी-सेटऑफ पावडर (ओली शाई दुसऱ्या कागदाला लागू नये म्हणून फवारतात ती) हवेत तरंगत असते. टोपी काढली की तासाभरात टोकावर थर बसतो. टोपी शेवटच्या क्षणीच काढायची.

राउटर दुसऱ्या शेडला वेगळा दिला, म्हणजे फायबर तुटलं तरी तिथली मशीनं आपसांत बोलत राहतील आणि पत्ते मिळत राहतील. पहिल्या राउटरला १०.४४.२५४.१, दुसऱ्याला .२. पहिल्यावर १०.४४.३२.०/२० साठी .२ कडे. दुसऱ्यावर डिफॉल्ट .१ कडे. दोन्ही बाजूंना ओळ हवी. एकाच बाजूला असेल तर पिंग एका दिशेने पोचतं, उत्तर हरवतं, आणि दोन्ही टोकांना ‘पलीकडचं बंद आहे’ असंच दिसतं.

६ मे: फायबरवर चक्कर

कॅमेऱ्यांचं सॉफ्टवेअर ऑफिसच्या संगणकावरून दुसऱ्या शेडमध्ये कॅमेरे शोधायला लावलं, की दुव्याचे दिवे एकसारखे लुकलुकायला लागतात आणि पिंगचा वेळ १ मिलिसेकंदावरून वर चढतो. शोध संपला की सगळं शांत.

त्या सॉफ्टवेअरला शोधायचा पट्टा म्हणून अख्खा १०.४४.३२.०/२० दिला होता. कुठल्याच शेडमध्ये नसलेल्या १०.४४.४१.५ कडे ट्रेसराउट (वाटेतले राउटर एकेक करून दाखवणारी तपासणी) केलं: पहिली उडी १०.४४.१०.१, मग २५४.२, मग २५४.१, मग २५४.२, मग २५४.१, आणि असंच शेवटपर्यंत. पहिला राउटर म्हणतो हे /२० मधलं, पलीकडे जा. दुसऱ्याकडे फक्त ३३ आणि ३४. बाकीच्यासाठी त्याची डिफॉल्ट ओळ, म्हणजे परत पहिल्याकडे. पॅकेटमधला टीटीएल (शिल्लक उड्यांचा आकडा) संपेपर्यंत हे चालतं. विंडोजचा टीटीएल १२८ पासून सुरू होतो, म्हणजे एकेक पॅकेट त्या काडीवरून सव्वाशेच्या आसपास वेळा गेलं.

दुसऱ्या राउटरवर १०.४४.३२.०/२० अनरीचेबल अशी ओळ घातली. आता ४१.५ ला दुसऱ्याच उडीवर नकार मिळतो. जो राउटर एखाद्या पट्ट्याचा मालक म्हणून दुसऱ्याला सांगितला जातो, त्याच्याकडे त्या *संपूर्ण* पट्ट्याचं उत्तर असलं पाहिजे, निदान ‘नाही’ हे तरी.

फायरवॉल आधी बसवली असती तर परतून आलेलं हे पॅकेट तिथेच अडलं असतं आणि चक्कर दिसलीच नसती. राउटिंग पूर्ण तपासून मगच फायरवॉल, हा क्रम यासाठीच.

७ मे: डाय कटिंगचा कंट्रोलर

पत्ता आणि मास्क भरता येतो, गेटवेचा रकानाच नाही. म्हणजे आपल्या सबनेटबाहेर उत्तर देणं त्याला जमणारच नाही. दुसऱ्या राउटरवर या एकाच पत्त्यापुरतं, १०.४४.३३.६० कडे जाणाऱ्या पॅकेटांचा मूळ पत्ता ३३.१ असा बदलला. मशीनला वाटतं शेजारीच बोलतोय. १८ एप्रिलला जे सरसकट करायचं टाळलं तेच इथे एका उपकरणासाठी केलं आहे. फाईलमध्ये ओळीच्या वर कारण लिहून ठेवलं.

१२ मे: फायरवॉल

एनएफटेबल्स, म्हणजे लिनक्सची फायरवॉल. फॉरवर्डचं मूळ धोरण ड्रॉप (काही न कळवता टाकून देणं). पहिला नियम: आधीच चालू असलेल्या आणि त्याच्याशी संबंधित जोडण्या पास. दुसरा: इनव्हॅलिड ते ड्रॉप. मग एकेक परवानगी. ऑफिसमधून एनएएसला पोर्ट ४४५ (फाईल शेअरिंग), प्रिंटरना ९१०० आणि ६३१ (छपाई), रेकॉर्डरला बघण्यापुरतं. डिझाइनकडून इंटरनेट आणि दुसऱ्या शेडच्या मशीनला जॉब. पाहुण्यांना फक्त पोर्ट १ मधून बाहेर. कॅमेऱ्यांना बाहेर काहीच नाही. पण रेकॉर्डरचं घड्याळ चुकलं तर रेकॉर्डिंग पोलिसांना दाखवण्याच्या कामाचं राहत नाही, म्हणून राउटरच त्यांना वेळ देतो, यूडीपी १२३.

आतल्या सबनेटांसाठी शेवटी ड्रॉपच्या आधी रिजेक्ट. ड्रॉपमध्ये माणूस अर्धा मिनिट गोल फिरणारं चक्र बघत बसतो आणि नेटवर्क मंद आहे म्हणतो. रिजेक्टमध्ये लगेच नकार येतो आणि तक्रार नेमकी होते. पाहुण्यांना ड्रॉपच.

आयसीएमपी (पिंग ज्यातून चालतं तो प्रोटोकॉल) बंद केलेलं नाही. ‘पॅकेट मोठं आहे’ हा निरोपही त्यातूनच येतो. तो अडवला की मोठ्या फायली मधेच थिजतात.

१३ मे: एनएएस

सकाळपासून ऑफिसमधून एनएएस उघडत नाही. पिंग होतं. डिझाइनमधून नीट. काल फायरवॉल बसली, म्हणून सगळ्यांचा रोख तिच्यावर. ४४५ चा नियम जागेवर होता आणि त्याचा मोजणी आकडाही वाढत होता.

टीसीपीची जोडणी तीन पायऱ्यांनी जुळते: एसवायएन, त्याला उत्तर एसवायएन-एसीके, मग एसीके. राउटरवर टीसीपीडंप: ऑफिसकडून एसवायएन गेला. मग ऑफिसकडून एसीके. मधला एसवायएन-एसीके राउटरने पाहिलाच नाही. म्हणजे उत्तर दुसऱ्याच वाटेने गेलं. एनएएसच्या मागे दोन केबल निघाल्या. दुसरी व्हीलॅन १० मध्ये, पत्ता १०.४४.१०.५, पूर्वी कधी वेग वाढावा म्हणून लावलेली आणि स्विच बदलताना ऑफिसच्या पोर्टवर आलेली. ऑफिसचं पॅकेट राउटरमधून १०.४४.२०.५ ला येतं. एनएएस उत्तर देताना फक्त कुठे जायचंय ते पाहतो: १०.४४.१०.४५, ते तर माझ्या दुसऱ्या केबलवरच आहे. तिथून थेट पाठवतो. संगणकाला उत्तर मिळतं, तो एसीके राउटरमार्फत पाठवतो, पण राउटरच्या जोडणी नोंदीत मधली पायरी नाही, म्हणून तो एसीके इनव्हॅलिड ठरून पडतो. पिंगला अशा तीन पायऱ्या नाहीत, म्हणून ते चालतं. फायरवॉलच्या आधीही वाट वाकडीच होती, फक्त तिला कोणी तपासत नव्हतं.

त्या एनएएसवर उलट-तपासणी (पॅकेट ज्या केबलवरून आलं, उत्तराची वाटही तीच आहे ना हे पाहणं) काटेकोर ठेवली असती तर पॅकेट आतच पडलं असतं आणि पिंगही बंद दिसलं असतं. इनव्हॅलिडचा नियम काढून टाकणं हा यावरचा उपाय नव्हे. दुसरी केबल काढली, काम सुरू झालं. दोन पाय ठेवणं खरंच गरजेचं असेल तर मूळ पत्त्यानुसार वेगळं राउटिंग टेबल करावं लागतं. इथे गरज नव्हती.

१६ मे: वेग

ऑफिस ते डिझाइन, आयपर्फ३ ने (वेग मोजणारा प्रोग्रॅम) एका दिशेने ९३७ एमबीपीएस. एक गिगाबिटच्या वायरीवर टीसीपीला याहून फारसं मिळत नाही. दोन्ही दिशांनी एकदम सोडलं की प्रत्येकी निम्मं, कारण एकाच ट्रंकवरून पॅकेट आत येतं आणि त्यावरूनच बाहेर पडतं. मिनी पीसीचा पोर्ट ३ रिकामा होता, व्हीलॅन २० त्यावर हलवला. आता दोन्ही दिशा पूर्ण मिळतात. प्रोसेसर १० टक्क्यांच्या खालीच.

२१ मे: उष्णता

बाहेर ४५ च्या वर. स्विचच्या माहितीपत्रकात चालण्याची मर्यादा ४० अंश, आणि कॅबिनेट पत्र्याखालच्या भिंतीवर. दुपारी आतला थर्मामीटर ५२. कॅबिनेट हिशेबाच्या खोलीत, जमिनीपासून दीड मीटरवर आणलं, वर बाहेर ओढणारा पंखा, खाली जाळी. कूलरच्या थेट झोतात ठेवलेलं नाही: ती हवा गार असते पण ओलसर, आणि कागदाची धूळ ओलीत बसली की पोर्टच्या पिनांवर थर धरते. आता दुपारी ३८.

२७ मे: वीज जाण्याची चाचणी

नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) वीज जाणारच, म्हणून मुद्दाम मेन स्विच पाडून पाहिलं. दोन्ही मिनी पीसींच्या बायोसमध्ये वीज परतल्यावर आपोआप सुरू हो, ही सेटिंग लावली. मुळात ती बंद होती. पहिला राउटर उठला, पण दुसऱ्या शेडची वीज उशिरा दिल्यावर काही सेवा दोन मिनिटं अडून राहिल्या. नेटवर्कडीची ‘सगळे दुवे उभे राहू दे’ ही वाट १२० सेकंदांची असते आणि रिकामा पोर्ट ४ कधीच उभा राहत नाही. त्या पोर्टला आणि दुव्याला ऑनलाइन होण्यासाठी गरजेचं नाही असं लिहिलं. डीएनएसमास्क बाइंड-डायनॅमिकवर ठेवला, म्हणजे नंतर उभा राहिलेला इंटरफेसही तो उचलतो. पुन्हा मेन पाडला: बॉक्सचा दिवा लागायच्या आत आतलं सगळं चालू.

३ जून: हस्तांतरण

व्हीलॅन १ मधून शेवटची उपकरणं निघाली; पोर्ट २३ आणि २४ तेवढे राहू दिले आहेत. कॅबिनेटच्या दारावर आतून एक कागद: पोर्टनिहाय व्हीलॅन, पत्त्यांचा आराखडा, दोन्ही राउटरची राउट ओळींची यादी. सेटिंगच्या फायली पेनड्राइव्हवर, पेनड्राइव्ह तिजोरीत. नवं उपकरण लावताना मास्क, गेटवे, आणि पलीकडून अलीकडे केलेलं पिंग, या तीन गोष्टींची सही रजिस्टरमध्ये घ्यायची. दुसऱ्या शेडच्या छतावर वायफायचा एक डबा बसवायचा बाकी आहे, तो पावसाची पहिली झड येऊन गेल्यावर, गळती कुठे आहे ते पाहून.